उपरण्याखालचा कौल

माझ्या जुन्या घरमालकांनी, म्हणजे आबांनी, डॅक निवडला त्या रविवारी चिखलीत त्यांच्या गोठ्यात मतदान झालं होतं. अगदी गुप्त मतदान. चिठ्ठी नाही, पेटी नाही. एक पांढरं उपरणं, त्याखाली आबांचा पसरलेला हात, आणि एकेकानं येऊन त्या हाताची बोटं दाबून जायचं. परवा माझ्या तळवड्याच्या नव्या फ्लॅटसाठी स्टिरिओ बघायला मी एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं अदबीनं विचारलं, "सर, डॅक कुठला बघताय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उपरणं आहे का तुमच्याकडे?" तो बिचारा बघतच राहिला. मी एकटाच हसत सुटलो.

ज्यांना डॅक ठाऊक नाही त्यांना सांगून टाकतो. मोबाईलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग म्हणजे डॅक. प्रत्येक मोबाईलच्या पोटात एक चिमुकला असतोच, पण शौकीन लोक वेगळा डबा घेतात. आबा त्याला 'दुभाष्या' म्हणायचे. मला तो शब्द इतका आवडला की कंपनीत नव्या पोरांना ट्रेनिंग देताना मीही तोच वापरतो.

मी लातूरकडचा. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि खोली शोधत शोधत आबांच्या दारात पोहोचलो. बाकीचे घरमालक गाव कुठलं, लग्न झालंय का, डिपॉझिट किती देता, असं विचारायचे. आबा ओट्यावर सूप घेऊन लसूण सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गानी कशावर ऐकतो?"

"मोबाईलवर."

"इयरफोन का भोंगा?"

"इयरफोन."

"मंग खोली दिली. भोंगा लावणाऱ्याला मी खोली देत न्हाई. येक होता, सकाळ सकाळ मोबाईल तांब्यात ठिवायचा. तांब्यात आवाज वाढतो म्हनं! त्याला म्हनलं, तांब्या घे आन निघ."

मग शिक्षण विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "बी.ई., इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात कॉलेज केलेला मी पहिलाच." हे वाक्य मी कुठेही, कुणालाही सांगतो. न विचारताही सांगतो. माझ्या वडिलांनी सही करायला शिकून घेतली ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर अंगठा उमटू नये म्हणून. तर ते ऐकल्यावर आबांनी पहिल्यांदा मान वर केली, हातातली पाकळी सुपात टाकली आणि घरात बघून ओरडले, "अगं ऐकलं का! विंजिनेर आलाय! च्या टाक, आन गोठ्याची किल्ली दे!"

आतून हिराकाकींचा आवाज आला, "आला का अजून एक बळी?"

गोठ्यात जनावर नव्हतं. गव्हाणीत ॲम्प्लिफायर होता. गव्हाणीच्या दोन्ही अंगांना छातीएवढे उंच दोन स्पीकर, आबांनी स्वतः उभे राहून सुताराकडून करून घेतलेले. चाकणला परदेशी मशीन ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्या पाइनच्या फळ्या कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडून आणून त्यांची कपाटं केलेली. उजव्या स्पीकरवर अजून मूळ शिक्का दिसायचा, छत्रीचं चित्र आणि 'ही बाजू वर' सांगणारा बाण. फळी उलटी बसल्यामुळे बाण जमिनीकडे होता आणि छत्री पाऊस झेलायला उताणी पडलेली. भिंतींना चारी बाजूंनी काकींनी शिवलेल्या गोधड्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. काकी म्हणायच्या, "मानसं थंडीत कुडकुडत्यात आन भिताडं पांघरून बसल्यात."

गव्हाणीसमोर बरोब्बर मध्यावर प्लॅस्टिकची, हात असलेली एक खुर्ची. ती फक्त आबांची. तिचे पाय जिथे टेकतात तिथे त्यांनी जमिनीवर ऑइलपेंटनं गोल काढून ठेवले होते. कोणी झाडताना खुर्ची हलवली तरी जागा चुकायला नको.

आबा गाणं ऐकायला बसत ते बघण्यासारखं असे. चपला बाहेर. मोबाईल बाहेर ओट्यावर. पंखा बंद, मग कितीही उकडो. उपरणं एकदा झटकून मांडीवर. ॲम्प्लिफायरवर बारीक सूर, म्हणजे ट्रेबल, कमीजास्त करायची एक खुंटी असते, ती उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवलेली. "ही खुंटी हितंच ऱ्हाणार. हिला कुनी हात लावला तर हात काढून ठेवीन." मग डोळे मिटायचे, आणि जरा वेळानं म्हणायचे, "थांब... आला. मानूस आला."

ही त्यांची कसोटी. दोन्ही स्पीकर नीट लागले, वस्तू चांगली असली, की गाणारा दोन खोक्यांत न राहता मधल्या मोकळ्या जागेत उभा आहे असं वाटायला लागतं. मी हे पुस्तकात वाचलं होतं. आबा त्याच्याकडे बोट दाखवायचे. "त्यो बघ बुवा, गव्हाणीच्या जरा मागं. डाव्या अंगाला पेटीवाला. पेटीवाल्याची मांडी अवघडलीय, सारखा हलतोय." आणि खरं सांगतो, दोनचार दिवसांनी मलाही तो पेटीवाला हलताना दिसायला लागला.

काकी मात्र गोठ्यात कधी बसल्या नाहीत. चहा घेऊन यायच्या त्या उंबऱ्यापर्यंत. पदर कानावरून घट्ट ओढलेला, ताट आत सरकवायचं आणि मागे फिरायचं. आबा माझ्याकडे बघून मान हलवत. "भजनाच्या घरातली पोरगी. बाप नावाजलेला झांजवाला. पन हिला कान न्हाई रं. लगीन झाल्यापासनं सांगतोय, बस जरा, ऐक जरा. न्हाई."

"व्हय व्हय," काकी जाता जाता म्हणत, "तुमच्या कानांचं चालू द्या."

तो बाप, म्हणजे आबांचा सासरा, म्हणजे अण्णा, हाच या सगळ्या उलाढालीच्या मुळाशी होता. अण्णा खेडकडचे. लग्नानंतर आबांनी कुणा आखातातून परतलेल्याकडून दोन माइकचा टेपरेकॉर्डर पैदा केला आणि सासुरवाडीच्या देवळात अख्खं भजन भरून घेतलं. मध्ये बुवा, डावीकडे पेटी आणि उजव्या कोपऱ्यात अण्णांची झांज. ती कॅसेट आबांनी अर्धं आयुष्य वाजवली. फीत चिकटायला लागली तेव्हा कुठल्याशा दुकानातून ती लॅपटॉपवर भरून घेतली. आणि तिथून पुढे त्यांची एकच तक्रार होती.

"लॅपटॉपनं माझा सासरा खाल्ला!"

मी ऐकून बघितलं. लॅपटॉपच्या छिद्रातून वायर थेट ॲम्प्लिफायरला लावलेली, मागे सारखी घुरघुर. पण झांज होती. मी म्हणालो, "आबा, आहे की. उजवीकडे."

"ती व्हय? ती सावली हाय. अण्णा वाजवायला लागला की अंगावर काटा यायचा. ही नुसती लांबनं कुनीतरी पळी आपटल्यावानी." त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे, त्या उताण्या छत्रीकडे बघितलं. "कोपरा रिकामा पडलाय रं. बुवा हाय, पेटी हाय, सासरा न्हाई."

मला तर ती झांज चांगली कानात शिरत होती. पण मूळची ज्यानं ऐकलीय त्याच्याशी काय वाद घालणार? शिवाय लॅपटॉपमधला डॅक सुमार असतो, हे तर मी पुस्तकावर हात ठेवून सांगितलं असतं. मी म्हणालो, "आबा, वेगळा डॅक घेऊ."

"त्यो सासरा परत आनील?"

"प्रयत्न करील."

त्यावर आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या घरात जाईल एवढ्याच आवाजात, म्हणाले, "डाक्टरनं सांगितलंय, कान उतरत चाललेत. हळूहळू अजून उतरतील. हायेत तवर येकदा अण्णा नीट ऐकायचाय. मंग काय व्हायचं ते होऊ दे. घे उद्यापासनं कामाला."

आबांची सगळी नोकरी भोसरीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला गेली. प्रेसशॉप म्हणजे जिथे घराएवढी यंत्रं पत्र्यावर दणके घालून गाड्यांचे भाग काढतात. तिथलेच त्यांचे जिवलग, दत्तोबा फोरमन आणि युसूफभाई. दोघे रोज संध्याकाळी ओट्यावर हजर. तिघे गप्पा मारायला लागले की नव्या भाडेकरूंना वाटायचं, आता हाणामारी होणार. प्रत्यक्षात विषय असायचा मेथीच्या जुडीचा. आबांचा फोन शेजारी वाजत असायचा, तिघांनाही पत्ता नसायचा, आणि आतून काकी ओरडायच्या, "अहो, फोन!" आम्ही भाडेकरू हे सगळं मोकळ्याढाकळ्या गावरान स्वभावात जमा करून टाकायचो.

डॅक शोधायची मोहीम निघाली. मी तीनचार वस्तूंची माहिती छापून आणली. किती बिट, किती आकडे सेकंदाला, खरखर किती कमी. आबांनी कागद उलटा धरून वारा घेतला. "कागूद वाचून बैल घेतोस का? चालवून बघायचा असतो."

मग त्यांना घेऊन पुण्याच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काचेची खोली, मंद दिवे, गालिचा. विक्रेता कुजबुजत बोलत होता. आबांनी दोनदा "आं?" केलं. तो म्हणाला, "काका, ह्याचा आवाज बघा, एकदम एअरी आहे."

"येरी म्हंजे?"

"म्हणजे... हवा आहे त्यात."

"हवा सायकलीत भर. ह्यात मानूस दाव."

दुकानातली दोन मोठी गिऱ्हाइकं हसू दाबत बाहेर गेली. पण तो विक्रेता माणूस दिलदार निघाला. आबांचं अण्णापुराण पूर्ण ऐकून घेतलं आणि आपली एक रुपेरी वस्तू सोमवारपर्यंत घरी न्यायला दिली. माझ्या कंपनीतल्या एका मित्रानं त्याचा काळा डबा दिला. तिसरा माझाच होता, इयरफोनला लावायचो तो, बोटभर लांबीचा. आबांनी तिन्ही गव्हाणीत ओळीनं मांडले, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बारसं करून टाकलं. रुपेरी तो ढवळ्या, काळा तो काळ्या आणि माझा तो बारक्या.

"ह्यो काय करणार?" बारक्याला चिमटीत धरून ते म्हणाले. "ह्याला तर वेसन बी घालता येत न्हाई."

निवडायचं कसं, यावर ओट्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. दत्तोबा म्हणाले, हात वर करून मोजू. युसूफभाई म्हणाले, "नको राव. तू हात वर केलास की मी पण करणार. आपली आदतच आहे ती, युनियनपासूनची." तेव्हा आबांना चाकणचा बैलबाजार आठवला. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात उपरण्याखाली धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्या शंभर जणांना कळत नाही काय ठरलं. आबांनी मांडी थोपटली. "तसंच करायचं! पयला आवडला तर येक बोट, दुसरा तर दोन, तिसरा तर तीन. कुनी कुनाला बघायचं न्हाई."

रविवारी सकाळी गोठा भरला. दत्तोबा, युसूफभाई, प्रेसशॉपचे आणखी दोघेतिघे रिटायर दोस्त आणि वरच्या खोलीतली सुजाता. ती नांदेडची, इथे एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आली होती, तरी आबांनी झोपू दिलं नाही. मी गव्हाणीवर टॉवेल टाकून मागे बसलो. एक गोष्ट मात्र मी हट्टानं करून घेतली. तिन्हींचा आवाज मीटरनं मोजून सारखा केला. जरा मोठा वाजणारा डबा नेहमीच चांगला वाटतो आणि निवाडा फसतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं आणि ते मला त्या दिवशी वापरायला मिळालं. वडिलांना फोनवर हेच सांगितलं तर म्हणाले, "मग? फी काय फुकट भरली का?"

अण्णांचं भजन लागलं. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. माना डुलत होत्या, घाम निथळत होता, पंखा अर्थातच बंद. मग एकेक जण उठला आणि उपरण्याखाली हात घालून आला. आबांनी चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न केला, पण प्रेसशॉपच्या प्रत्येक हाताला त्यांच्या मिशा वर वर जात होत्या. शेवटी सुजातानं आणि मग मी हात घातला. आमची मतं कळली तशा त्या थोड्या खाली आल्या.

"निक्काल!" आबा उभे राहिले. "प्रेसशॉप येकमुखी! सगळ्यांनी पयला दाबला! आन माझं बी मत पयल्यालाच! दोन मतं तिसऱ्याला गेल्यात. कोन हायेत ते गद्दार?"

सुजातानं आणि मी एकमेकांकडे बघितलं.

मी टॉवेल काढला. पहिला होता ढवळ्या. टाळ्या पडल्या. युसूफभाईंनी ढवळ्याच्या डोक्यावर चिमूटभर गुलाल टाकायची तयारी केली होती, तो मी कसाबसा अडवला. इलेक्ट्रॉनिक वस्तू होती ती, आणि परत करायची होती.

"लाव परत!" आबा म्हणाले. "ढवळ्यावर लाव. आता सासरा आला का बघू."

मी लावलं. झांज सुरू झाली, आणि त्याच वेळी काकी भज्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात आल्या. त्यांनी ताट तिथेच खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे कानांवर दाबले.

"बंद करा ते आधी! पत्रा कापताय का काय?"

आबा खूश. "बघा! म्हनलं न्हवतं, हिला कान न्हाई. अगं, अण्णाची झांज शोधतोय, तुझ्या बापाची!"

"शोधताय? कुठं शोधताय? ही काय वाजतीय की!"

"ती न्हवं. ती सावली हाय."

"सावली?" काकी उंबरा ओलांडून आत आल्या. मी तिथे राहायला आल्यापासून हे पहिल्यांदा बघत होतो. "माझ्या बापाची झांज मला वळखू यायची न्हाई? मी तिच्यावर निजलीय आन तिच्यावर उठलीय. अशीच होती ती. फकस्त अशी टोचत न्हवती. तुमी ती तिखट करून ठिवलीय. कान फुटतोय माझा, म्हनून तर मी हितं बसत न्हाई!"

भजन चालूच होतं, आणि उजव्या कोपऱ्यात अण्णा जोरात वाजवत होते.

सुजातानं हळूच विचारलं, "आबा, आत्ता झांज कशी वाजायली?"

आबांनी मान कलती केली. "येक... लांबनं... पळीवानी."

"दत्तोबा, तुम्हाला?"

दत्तोबांनी युसूफभाईंकडे बघितलं, युसूफभाईंनी बाकीच्यांकडे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता. मला आणि सुजाताला ती झांज दातांत कळ येईल इतकी स्वच्छ ऐकू येत होती.

सुजातानंच सांगितलं, अगदी साधेपणानं, जसं ती दवाखान्यात सांगत असेल तसं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानातले बारीक सूर आधी जातात. बोलणं ऐकू येतं, पेटी ऐकू येते, म्हणून माणसाला कळत नाही. जातं ते पाखरांचं, पैंजणांचं, झांजेचं. म्हणून यांना ढवळ्या आवडला. तिघांत तोच जरा तिखट होता. म्हणून ती खुंटी उजवीकडे पार शेवटाला गेलेली. लॅपटॉपनं काही खाल्लं नव्हतं.

मग युसूफभाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "आयला! म्हणजे आपण सगळे एकाच डायमधून निघालेले पार्ट! एकमुखी काय, साचाच एक आहे!"

हसण्याचा जो स्फोट झाला तो प्रेसशॉपला शोभेल असाच होता. दत्तोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुजाता भिंतीवरच्या गोधडीत तोंड खुपसून हसली. फक्त आबा हसले नाहीत. ते गव्हाणीशी गेले. ज्या खुंटीला हात लावणाऱ्याचा हात ते काढून ठेवणार होते, ती त्यांनी स्वतः धरली आणि फिरवत फिरवत मध्यावर आणली. मग वळले, आपल्या खुर्चीवरचं उपरणं उचललं आणि काकींना म्हणाले, "बस हितं."

"मी? त्या खुर्चीत?"

"बस म्हनतो ना."

काकी बसल्या. आधी टेकल्यासारख्या, मग नीट. मी पुन्हा तिन्ही वाजवले. पहिल्या ठोक्याला काकींचा हात सवयीनं पदराकडे गेला, पण पदर ओढायची गरज पडली नाही. मग हळूहळू त्यांची मान उजव्या कोपऱ्याकडे वळली, त्या उताण्या छत्रीकडे.

"अण्णा हितं बसलाय," त्या म्हणाल्या. "भिताडाला टेकून. ठसका लागलाय त्याला, झांज थांबली बघा. आन आता परत उचलली."

आबा काकींच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो.

"प्रेसशॉप, तुमाला काय वाटतं?" आबांनी विचारलं.

दत्तोबा खरं बोलले. "खुंटी मधी आल्यावर आम्हाला तिन्ही सारखेच, आबा."

"मग झालं," युसूफभाई म्हणाले. "तुला झांज मिळणार नाही, तर डॅक घेतोस कुणासाठी? लॅपटॉपच राहू दे भावा."

"वा रं वा!" आबांचा आवाज पुन्हा चढला, आणि मला हायसं वाटलं. "जलमभर हिला म्हनलो, तुला कान न्हाई. आता कळलं, ह्या घरात कान हाय त्यो येवढा येकच! आन त्याला मी घुरघुर ऐकवू व्हय? इलेक्शन रद्द! परत मतदान! मतदार येकच!"

त्यांनी काकींच्या मांडीवर उपरणं टाकलं आणि खाली हात घातला. काकी लाजल्या, आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पोरांसमोर काय हे." मग त्यांनी हात घातला. आबांच्या मिशा थरथरल्या.

"तीन!" ते गरजले. "बारक्या! ज्याला वेसन घालता येत न्हाई त्यो!"

ढवळ्या आणि काळ्या सोमवारी मानानं परत गेले. मी माझा बारक्या देऊ करत होतो, पण आबांनी घेतला नाही. "वापरलेला बैल मी घेत न्हाई," म्हणाले आणि तसाच नवा मागवला. तो आला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, बाहेरून, वायरीला लागणार नाही असं. इंजिनिअरचा सल्ला घेऊन.

काही महिन्यांनी माझा तळवड्याचा फ्लॅट ताब्यात आला. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर दुपारी मी खोलीची किल्ली द्यायला खाली आलो. ओट्यावर कोणी नव्हतं, नुसतं लसूण सोलायचं सूप पडलेलं. गोठ्याचं दार किलकिलं होतं आणि आतून भजन येत होतं. मी दाराशी थांबलो.

जमिनीवर ऑइलपेंटचे नवे गोल काढलेले होते. एका खुर्चीच्या जागी आता दोन होत्या, अगदी चिकटून, मध्य दोघांत वाटून घेतल्यासारख्या. पंखा बंद. आबांचे डोळे मिटलेले. काकींचा पदर खांद्यावर. दोन्ही खुर्च्यांच्या हातांवर मिळून उपरणं पसरलेलं आणि त्याखाली दोघांचे हात. झांजेच्या प्रत्येक ठोक्याला ते उपरणं एवढंसं उचललं जात होतं. काकी आबांच्या बोटांवर झांज दाबत होत्या. संथ लयीत एकेक, आणि बुवांनी लय वाढवली की भराभर.

"आला," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "आला बघ कोपऱ्यात."

मी आवाज न करता किल्ली सुपात ठेवली. पण पाय निघेना, कारण तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली. काकींना ते भजन लहानपणापासून पाठ होतं. त्यामुळे उपरणं हलायचं ते झांज वाजायच्या किंचित आधी. आधी आबा हसायचे आणि मग स्पीकरमधून ठोका यायचा. त्या गोठ्यात अण्णांची झांज आता सगळ्यात आधी आबांनाच ऐकू येत होती.